पर्पेतुआची रोजनिशी

इसवी सन २०३, मार्च महिन्याची ६ तारीख. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात, लष्कराच्या तुरुंगात, सुमारे २२ वर्षांची एक बाई लिहिता लिहिता थांबते. खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहून ठेवलं आहे, प्रत्यक्ष खेळाच्या दिवशी काय होईल ते ज्याला लिहायचं असेल त्यानं लिहावं, अशा अर्थाची शेवटची नोंद ती करते. खेळ म्हणजे दुसऱ्या दिवशी भरल्या प्रेक्षागारासमोर तिला जनावरांच्या तोंडी देण्याचा कार्यक्रम. पुढे कोणीतरी खरोखरच लिहिलं. त्या अनामिक संपादकाने तिच्या मजकुराला आधी प्रस्तावना आणि नंतर शेवट जोडला, आणि मधला भाग तिच्याच हातचा, तिच्याच मनाप्रमाणे लिहिलेला आहे, असं बजावून सांगितलं.

तिचं नाव विबिया पर्पेतुआ. एका ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं, आजपर्यंत टिकलेलं सर्वांत जुनं लेखन म्हणून या मजकुराकडे पाहिलं जातं. प्राचीन रोमच्या हजारो पानांच्या साहित्यात बायका जागोजागी भेटतात. राण्या, प्रेयसी, जादूगारणी, आदर्श माता. पण त्यांच्याविषयी बोलत असतात पुरुष. इथे एक बाई स्वतः बोलते, आणि तीही घरादाराच्या ओसरीवरून नाही, मृत्युदंडाच्या कोठडीतून. संतचरित्रं वाचायची सवय असलेल्या माणसाला तर हा मजकूर आणखीच चक्रावून टाकतो. संतचरित्र नेहमी दुसरा कोणीतरी लिहितो, संत होऊन गेल्यावर लिहितो, आणि त्यामुळे पहिल्या पानापासून सगळ्याला तेजोवलय चिकटलेलं असतं. पर्पेतुआला आपण संत होणार आहोत याची कल्पना नाही. तिला चिंता आहे अंगावर पिणाऱ्या पोराची.

संपादक तिची ओळख मोजक्या शब्दांत करून देतो: चांगल्या घराण्यातली, शिकलेली, रीतसर लग्न झालेली. आई-वडील हयात, दोन भाऊ, त्यातला एक तिच्यासारखाच बाप्तिस्म्याची तयारी करणारा. कडेवर तान्हा मुलगा. आणि नवरा? नवऱ्याचा संपूर्ण मजकुरात एकदाही उल्लेख नाही. अटकेत नाही, खटल्यात नाही, मूल कोणाच्या हवाली करायचं हा प्रश्न आला तेव्हाही नाही. यावर अभ्यासकांनी तर्कांचे डोंगर उभे केले आहेत. तो वारला असेल, त्याने तिला टाकलं असेल, तो स्वतःच ख्रिस्ती असून लपला असेल. तिने मात्र शब्द खर्च केले ते बापावर, भावांवर, मुलावर. मला तर हेच तिच्या खरेपणाचं लक्षण वाटतं. बनावट रोजनिशी लिहिणाऱ्याने नवऱ्याची सोय आधी लावली असती.

तिच्याबरोबर पकडले गेलेले सगळे कोवळ्या वयाचे होते. रेवोकातस आणि फेलिसितास हे दोघे गुलाम. फेलिसितास आठ महिन्यांची गरोदर. सातुर्निनस आणि सेकुंदुलस हे आणखी दोघे. त्यांना धर्माचे धडे देणारा सातुरस अटकेच्या वेळी तिथे नव्हता. त्याने मागाहून आपण होऊन स्वतःला हवाली केलं. घरंदाज बाई आणि गुलाम एकाच कोठडीत, एकाच आरोपाखाली.

आरोप काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. रोमन राज्यात देवांची वाण नव्हती. इजिप्तची इसिस चालत होती, मित्र नावाचा इराणी देव चालत होता, कार्थेजचा स्वतःचा जुना देव सॅटर्नचं नाव घेऊन मजेत नांदत होता. तुम्ही घरात कोणाला पुजता याच्याशी सरकारला देणंघेणं नव्हतं. मात्र सम्राटाच्या सुखरूपतेसाठी चिमूटभर धूप वेदीवर टाकायला नकार दिलात, तर तो राजद्रोह. सन ११२च्या सुमाराला सम्राट ट्रेजनने आपल्या एका सुभेदाराला, धाकट्या प्लिनीला, पत्राने कळवलेलं धोरण साधारण असं होतं: ख्रिस्ती लोकांना मुद्दाम शोधत फिरू नका, पण कोणी पुढे आणलेच आणि ते हटून बसले, तर शिक्षा द्या, देवांना नैवेद्य दाखवला तर सोडून द्या. म्हणजे आरोपीच्या सुटकेची किल्ली शेवटपर्यंत आरोपीच्याच हातात. न्यायाधीशाला मारण्याची हौस नसे, त्याला ती चिमूट हवी असे. खून, दरोडा यांच्या खटल्यात आरोपी नाकारतो आणि न्यायाधीश कबुलीसाठी छळ करतो. इथे आरोपी कबूल करून मोकळा, आणि न्यायाधीश त्याने नाकारावं म्हणून गळ घालतो! हा उलटा न्याय तर्तुलियन नावाच्या कार्थेजच्याच एका तिखट जिभेच्या ख्रिस्ती लेखकाने त्याच काळात चव्हाट्यावर मांडला होता.

पर्पेतुआच्या लेखनाची सुरुवातच बापापासून होते. अजून ती नजरकैदेत आहे. बाप येतो, समजावतो. ती कोपऱ्यातल्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारते, या तांब्याला तांब्याखेरीज दुसरं काही म्हणता येईल का? बाप म्हणतो, नाही. मग मीही जी आहे त्याखेरीज स्वतःला दुसरं काही म्हणवू शकत नाही, मी ख्रिस्ती आहे, असं ती सांगते. बाप डोळे फोडील अशा आवेशाने तिच्या अंगावर धावून जातो, आणि हात न उगारता परत फिरतो. तो पुढचे काही दिवस फिरकला नाही, तेव्हा मला बरं वाटलं, असंही ती लिहून टाकते. किती सरळ कबुली आहे ही. याच दिवसांत या सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग खरा तुरुंग. तिथला अंधार बघून ती घाबरली, कारण असा काळोख तिने कधी पाहिलाच नव्हता. गर्दीने होणारी उकड, शिपायांची धक्काबुक्की, आणि सगळ्यावर कडी म्हणजे बाळाची काळजी. तेर्तियस आणि पोम्पोनियस या चर्चच्या दोन सेवकांनी शिपायांचे हात ओले करून कैद्यांना दिवसातले काही तास तुरुंगाच्या जरा बऱ्या भागात काढण्याची सोय केली. तिथे आई आणि भाऊ बाळाला घेऊन आले. भुकेने मलूल झालेल्या पोराला तिने पाजलं. पुढे बाळाला तुरुंगात जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, आणि तिला तुरुंग एकाएकी राजवाड्यासारखा वाटू लागला. इतका की दुसरीकडे कुठेही असण्यापेक्षा तिथेच असावं. धर्मासाठी मरायला निघालेली बाई हे वाक्य ईश्वराविषयी लिहीत नाहीये, तान्ह्या मुलाविषयी लिहिते आहे.

सुनावणी जवळ आली तसा बाप पुन्हा आला. या वेळी आवेश नव्हता. माझ्या पिकल्या केसांची दया कर, तुझ्या सगळ्या भावांपेक्षा मी तुला जास्त मानलं, मला लोकांत तोंड दाखवायला जागा ठेव, तुझ्यावाचून तुझं पोर जगायचं नाही, असं म्हणत त्याने तिचे हात चुंबले, पायांवर लोळण घेतली, आणि तिला मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणू लागला. रोमन घरात बापाला जन्ममरणाचा अधिकार. तो बाप लेकीच्या पायाशी. ती लिहिते, सगळ्या घरात माझ्या या दिवसाचा आनंद न होणारा तेवढा एकच होता, आणि मला त्याच्यासाठी वाईट वाटलं.

दुपारचं जेवण चालू असताना अचानक बोलावणं आलं आणि सगळ्यांना चौकात नेलं. बातमी पसरली, तोबा गर्दी झाली. मुख्य सुभेदार नुकताच वारला होता, म्हणून हिलारियानस नावाचा अधिकारी न्यायासनावर होता. बाकीच्यांनी कबुली दिली. तिची पाळी आली तेव्हा बाप मुलाला घेऊन पुढे झाला आणि तिला पायरीवरून खाली ओढू लागला. हिलारियानसने तीच विनवणी केली: बापाच्या म्हातारपणाकडे बघ, पोराकडे बघ, सम्राटाच्या क्षेमासाठी नैवेद्य दाखव. तिने नकार दिला; लॅटिनमध्ये तो अवघा दोन शब्दांचा आहे. ख्रिस्ती आहेस का, या प्रश्नावरही दोनच शब्दांत होकार. बाप तरी हटेना, तेव्हा हिलारियानसने त्याला खाली पाडून छडी मारायला लावली. तो मार मलाच बसल्यासारखं झालं, असं ती म्हणते. शिक्षा जनावरांच्या तोंडी देण्याची झाली आणि सगळे हसत तुरुंगात परतले.

परतल्यावर तिने पहिलं काम केलं ते बाळाला आणायला माणूस पाठवण्याचं. बापाने मूल दिलं नाही. आणि मग ती नोंदवते की देवाच्या इच्छेने मुलाला पुन्हा अंगावर प्यावंसं वाटलं नाही आणि माझ्या छातीत दूध साचून ठणकाही लागला नाही. अठराशे वर्षांपूर्वीच्या शेकडो पुरुष लेखकांपैकी कोणाच्या डोक्यात हा तपशील आला असता?

आता तिची स्वप्नं. ती एकंदर चार आहेत, आणि नुसती त्यांच्यासाठी ही रोजनिशी वाचावी.

पहिलं स्वप्न तिने मागून घेतलं. भाऊ म्हणाला, तुझी आता एवढी योग्यता आहे, आपली सुटका होणार की मरण, ते देवाला विचार. तिने सांगितलं, उद्या सांगते. आणि रात्री दिसली आकाशाला भिडलेली एक काशाची शिडी, इतकी अरुंद की एका वेळी एकानेच चढावं. दोन्ही कडांना तलवारी, भाले, आकडे, सुरे जडवलेले. जरा लक्ष विचलित झालं की मांसाचे लचके. पायथ्याशी एक अजस्र अजगर. सातुरस आधी चढून जातो आणि वरून तिला अजगराला सांभाळ म्हणून हाक देतो. ती अजगराच्या डोक्यावर पाय ठेवून, जणू तीच पहिली पायरी, वर जाते. वर एक अफाट बाग, मध्ये मेंढपाळाच्या वेषातला पांढऱ्या केसांचा उंच माणूस मेंढ्यांची धार काढत बसलेला, भोवती पांढऱ्या कपड्यांतले हजारो लोक. तो मान वर करून म्हणतो, बरं झालं आलीस पोरी, आणि घट्ट झालेल्या दुधाचा घास तिच्या हातात देतो. ती ओंजळीत घेऊन खाते. सगळे आमेन म्हणतात, त्या आवाजाने तिला जाग येते, आणि तोंडात काहीतरी गोड अजून चघळलं जात असतं. सकाळी तिने भावाला सांगितलं. दोघांनाही कळलं की आता सुटका नाही.

दुसरं आणि तिसरं स्वप्न एकाच मुलाचं. प्रार्थना करता करता तिच्या तोंडून अचानक दिनोक्रातेस हे नाव निघालं. तिचं तिलाच नवल वाटलं, कारण तिने त्याची कधी आठवण काढली नव्हती. हा तिचा भाऊ, सातव्या वर्षी चेहऱ्याच्या कर्करोगाने वारलेला. लोकांना बघवू नये असं मरण. त्या रात्री तो तिला दिसला. अंधाऱ्या जागेतून बाहेर येणारा, घामाघूम, तहानलेला, चेहऱ्यावर मरतानाची जखम तशीच. पुढ्यात पाण्याने काठोकाठ भरलेलं कुंड, पण कुंडाची कड त्याच्या डोक्याहून उंच. तो टाचा उंचावतो, हात पोचत नाही. दोघांच्या मध्ये एवढं अंतर की तिलाही त्याच्यापर्यंत जाता येत नाही. ती जागी झाली आणि रोज रडून त्याच्यासाठी प्रार्थना करू लागली. नंतर एके दिवशी, ती पायखोड्यांत अडकवलेली असताना, तो पुन्हा दिसला. स्वच्छ, नीटनेटका, जखमेच्या जागी नुसता व्रण. कुंडाची कड खाली येऊन त्याच्या बेंबीला लागलेली, कडेवर सोन्याची वाटी, आणि कितीही प्यायलं तरी वाटीतलं पाणी कमी होत नाही. तो पोटभर प्याला आणि लहान मुलं खेळतात तसा हुंदडत खेळायला निघून गेला.

या छोट्या मुलाने पुढे मोठमोठ्या धर्मपंडितांना घाम फोडला. बाप्तिस्मा न घेता गेलेल्या मुलाचं काय होतं, या वादात पाचव्या शतकात एकाने दिनोक्रातेसचा दाखला दिला. संत ऑगस्टीनला उत्तर द्यावं लागलं की हा ग्रंथ पवित्र शास्त्राचा भाग नाही आणि त्या मुलाचा बाप्तिस्मा झालेलाही असू शकेल. एका बाईला पडलेलं स्वप्न सहज बाजूला सारता येत नव्हतं, इतका तिचा अधिकार तोवर वाढला होता.

चौथं स्वप्न खेळांच्या आदल्या दिवशीचं. पोम्पोनियस येतो, तिला खडबडीत वाटांनी रंगणात नेऊन सोडतो. जनावरांऐवजी समोर एक भयंकर दिसणारा इजिप्शियन मल्ल. तिचे कपडे उतरवले जातात आणि ती पुरुष झालेली असते. हे ती अगदी सहज लिहिते. कुस्तीआधी चोळतात तसं तिला तेल चोळतात, पलीकडे तो धुळीत लोळत असतो. रंगणाच्या भिंतींहून उंच असा एक पंच हातात सोन्याची सफरचंदं लागलेली हिरवी फांदी घेऊन पैज जाहीर करतो. मग ठोसे, लाथा; ती हवेत उचलली जाते, त्याचं डोकं बोटं गुंतवून पकडते, तो तोंडावर आपटतो, ती त्याच्या डोक्यावर पाय देते. फांदी घेऊन ती ‘जीवनद्वारा’कडे चालू लागते. रंगणाला असं दार खरोखर होतं. जिवंत सुटणारे त्यातून बाहेर पडत. जागी झाल्यावर तिने अर्थ लावला की आपली लढत जनावरांशी नसून सैतानाशी आहे आणि विजय आपला आहे. इथे तिची लेखणी थांबते.

यानंतर सातुरसचं स्वप्न त्याच्याच शब्दांत येतं. त्यात एक गमतीचा प्रसंग आहे. स्वर्गाच्या दाराशी त्यांना धर्माध्यक्ष ओप्तातस आणि धर्मगुरू अस्पासियस खिन्न उभे दिसतात आणि दोघेही या कैद्यांच्या पाया पडून म्हणतात, आमच्यातलं भांडण तेवढं मिटवा. पर्पेतुआ त्यांच्याशी ग्रीकमध्ये बोलते. मग देवदूत येऊन त्या दोघांना खडसावतात: या लोकांना विसावा घेऊ द्या, तुमचे तंटे तुम्ही मिटवा, आणि तुमच्या माणसांना जरा शिस्त लावा, रथांच्या शर्यती बघून भांडत परतावं तशी ती तुमच्याकडे येतात. रक्तसाक्षींच्या ग्रंथात चर्चच्या कारभारावर एवढी मिश्कील टीका कोणी राहू दिली, याचं मला फार कौतुक आहे.

तुरुंगातला शेवटचा आठवडा संपादक सांगतो. सेकुंदुलस कोठडीतच वारला. फेलिसितासचं दुःख वेगळंच होतं. रोमन कायद्याने गरोदर बाईला देहदंड देता येत नसे. बाळंतपण होईपर्यंत थांबावं लागे. म्हणजे सोबती पुढे जाणार आणि आपल्याला नंतर कधीतरी, कुठल्यातरी गुन्हेगारांबरोबर मरावं लागणार, ही तिला धास्ती. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि लगेच कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, ती कण्हत होती. एका पहारेकऱ्याने टोमणा मारला, आताच ही गत तर जनावरांपुढे काय करशील? तिचं उत्तर असं की आता मी सोसते आहे ते माझं मी सोसते आहे. तेव्हा माझ्या आत दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे. मुलगी झाली. एका ख्रिस्ती बाईने ती आपली म्हणून वाढवली. त्या मुलीचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

तुरुंगाच्या अधिकाऱ्याला कोणीतरी भरवलं होतं की हे लोक मंत्रतंत्राने पळून जातील, म्हणून त्याने कैद्यांचे हाल चालवले. पर्पेतुआने त्याला तोंडावर विचारलं: आम्ही सीझरच्या मालकीचे मानाचे कैदी, त्याच्या वाढदिवसाला लढणार, आम्हाला धष्टपुष्ट करून तिथे हजर करण्यात तुमचाच लौकिक नाही का? तो ओशाळला आणि सोयी वाढल्या. पुदेन्स नावाचा तुरुंगाचा शिपाईगडी तर तोवर त्यांच्या बाजूला झुकला होता.

७ मार्च उजाडला. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, जो स्वतःच आफ्रिकेच्या लेप्टिस माग्ना शहरातला, त्याचा धाकटा मुलगा गेटा याचा वाढदिवस. रंगणाच्या दाराशी पुरुषांना सॅटर्नच्या पुजाऱ्यांचा आणि बायकांना सीरिस देवीच्या सेविकांचा पोशाख चढवण्याचा बेत होता. पर्पेतुआने साफ नकार दिला. आम्ही इथवर आलो तेच आमच्या मर्जीवर घाला पडू नये म्हणून, असा करार करून. तो तुम्ही मोडू शकत नाही. अधिकाऱ्याने माघार घेतली, आणि ती स्तोत्र म्हणत आत गेली.

पुढची हकीगत सिनेमात दाखवतात तशी सिंहांची नाही. सातुर्निनस आणि रेवोकातस यांच्या वाट्याला आधी बिबट्या आणि मग अस्वल आलं. सातुरसला अस्वलाची किळस होती, बिबट्याच्या एका चाव्यात संपावं अशी त्याची इच्छा. त्याला आधी रानडुकराला बांधलं, तर डुकराने बांधणाऱ्या शिकाऱ्यालाच फाडलं. अस्वलापुढे ठेवलं, तर अस्वल पिंजऱ्यातून बाहेरच येईना. शेवटी बिबट्याच्या एकाच चाव्यात तो रक्ताने न्हाऊन निघाला. तेव्हा प्रेक्षकांनी ओरडून त्याला ‘छान आंघोळ झाली’ अशा शुभेच्छा दिल्या. रोमन स्नानगृहातल्या माणसांची ही नेहमीची सदिच्छा, तिचा हा उपयोग! त्याने पुदेन्सकडून बोटातली अंगठी मागून घेतली, जखमेत बुडवली आणि आठवण म्हणून परत दिली.

बायकांसाठी आणली होती गाय. एक रानटी, मारकी गाय. हे नेहमीच्या रिवाजात बसत नव्हतं. त्या बायका म्हणून मादी जनावर, अशी ती कुचेष्टा. दोघींना विवस्त्र करून जाळ्यात गुंडाळून आणलं. एक नाजूक तरुणी, दुसरी नुकती बाळंत झालेली, छातीतून दूध ठिबकणारी. त्या प्रेक्षकांनाही ते बघवलं नाही. मग दोघींना परत नेऊन साधे अंगरखे घातले. हाच तो जमाव, जो थोड्या वेळापूर्वी फटक्यांची मागणी करत होता आणि थोड्या वेळाने नरड्यांची मागणी करणार होता.

गायीने पर्पेतुआला उडवलं. ती कमरेवर पडली. उठून बसल्यावर तिने फाटलेला अंगरखा ओढून मांडी झाकली, आणि मग केसांचा काटा शोधून केस बांधले. मोकळे केस हे सुतकाचं लक्षण, आणि हा तिच्या लेखी सुतकाचा दिवस नव्हता. मग पडलेल्या फेलिसितासला हात देऊन उठवलं. त्या घरंदाज तरुणीला आणि त्या गुलाम पोरीला तिथे शेजारी शेजारी उभं बघून गर्दीही नरमली आणि दोघींना जीवनद्वाराशी बोलावून घेतलं गेलं. तिथे पर्पेतुआ झोपेतून जागी झाल्यासारखी विचारते, गायीपुढे आपल्याला कधी नेणार? स्वतःच्या अंगावरच्या खुणा बघेपर्यंत तिचा विश्वास बसला नाही.

शेवट तलवारीने करायचा ठरला. तो आडोशाला न होता डोळ्यांसमोर व्हावा, असा लोकांचा हट्ट. जखमी कैदी स्वतः उठून मध्यभागी गेले, एकमेकांचं शांतीचं चुंबन घेतलं आणि मुकाट्याने वार घेतले. पर्पेतुआच्या वाट्याला आला एक नवशिका तलवारबाज. त्याचा वार हाडावर बसला, ती किंचाळली, आणि मग त्याचा थरथरता हात धरून तिनेच तलवार आपल्या गळ्याशी नेली. संपादकाचा त्यावरचा अभिप्राय असा की एवढी मोठी बाई, तिची स्वतःची इच्छा नसती तर कदाचित मेलीच नसती. किंचाळी त्याने गाळली नाही, याबद्दल त्याला शंभर गुण.

ज्याच्या वाढदिवसासाठी हे झालं त्या गेटाची गत ऐका. सन २११च्या अखेरीला सख्खा भाऊ काराकाल्ला याने त्याला आईच्या कुशीत मारवलं आणि साम्राज्यभरच्या शिलालेखांवरून त्याचं नाव छिन्नीने काढवलं. बर्लिनच्या संग्रहालयात या राजकुटुंबाचं एक रंगवलेलं चित्र आहे. त्यात गेटाचा चेहरा खरवडून टाकलेला दिसतो. फेलिसितास या गुलाम मुलीचं नाव मात्र कॅथलिक मिस्सेतल्या सर्वांत जुन्या रोमन प्रार्थनेत पर्पेतुआच्या नावाशेजारी आहे, आणि ती प्रार्थना म्हटली जाते तेव्हा वसईत काय, गोव्यात काय, जगभर ते उच्चारलं जातं. इटलीतल्या राव्हेन्ना शहरात सहाव्या शतकातल्या कुट्टिमचित्रांतही दोघी आहेत.

रोजनिशी मात्र मध्यंतरी जवळजवळ हरवली होती. ऑगस्टीनच्या काळात ती त्यांच्या सणाच्या दिवशी चर्चमध्ये वाचली जाई. त्याची त्या दिवशीची प्रवचनं उपलब्ध आहेत. पण लोकांना पुढे पुढे तिची आटोपशीर आवृत्ती आवडू लागली. त्या आवृत्त्यांत स्वप्नांना कात्री लागली, न्यायालयातले सवालजवाब वाढले, आणि नवराही प्रकट झाला! मूळ लॅटिन मजकूर लुकास होल्स्टेनियस या विद्वानाला इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात मिळाला आणि १६६३मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. १८८९मध्ये रेंडेल हॅरिस या अभ्यासकाला जेरुसलेममध्ये ग्रीक प्रत सापडली. मग मूळ लॅटिन की ग्रीक असा वाद झाला. आज बहुतेकांचा कौल लॅटिनला आहे. १९०७मध्ये फादर देलात्र यांना कार्थेजच्या एका जुन्या बॅसिलिकेत याच सगळ्या रक्तसाक्षींची नावं कोरलेल्या शिलालेखाचे तुकडे मिळाले.

हे खरंच तिने लिहिलं का, ही शंका अजूनही काही अभ्यासक घेतात. दुसऱ्याच कोणी स्त्रीच्या तोंडी घातलेला हा मजकूर असेल, असं त्यांचं म्हणणं. शंका घ्यायलाच हवी. पण लॅटिन वाचणारे सांगतात की तिची वाक्यं आखूड, ‘आणि’ने जोडलेली, बोलल्यासारखी आहेत, सातुरसची वेगळ्या घडणीची, आणि संपादकाची तर पार अलंकारिक. तिघांचे तीन आवाज. शिवाय बनवणाऱ्याने तिच्याकडून उपदेश करवला असता, आणि तिच्या आठ प्रकरणांत उपदेश जवळपास शून्य आहे. मी तिच्या बाजूने मत देतो.

पुस्तक अगदी लहान आहे, एकूण २१ प्रकरणं, तासाभरात संपणारं. जुनी इंग्रजी भाषांतरं कोणालाही फुकट वाचायला मिळतात. वाचलंत तर संपादकाची जड प्रस्तावना आधी वाचू नका, नाहीतर तिथेच कंटाळाल. तिसऱ्या प्रकरणापासून दहाव्यापर्यंतचा मजकूर तिचा आहे. तो आधी वाचा, मग बाकीचं. आणि तुमच्या ओळखीत कोणी चांगलं लॅटिन जाणणारं असेल, तर ही आठ प्रकरणं थेट लॅटिनमधून मराठीत आणायला त्यांच्या मागे लागा.